कंडक्टरबाई गाडी घेतात

"गाडी कुणासाठी बघताय, काकू? मुलासाठी की जावयासाठी?" टाय लावलेल्या विक्रेत्यानं विचारलं.

"माझ्यासाठी. आणि काकू घरी. इथं बाई म्हणा."

विक्रेता चपापला, मग सावरून रंगांवर आला. लाल घ्या, बायकांना लाल शोभतो. छपराला काच आहे, आत बसून चांदणं दिसतं. बाईंनी तळहात समोर धरला, भर रस्त्यात बस थांबवताना धरावा तसा. "चांदणं राहू द्या. चारही चाकांना जोर जातो म्हणालात, तो मागच्या चाकांपर्यंत पोचतो कसा ते दाखवा." विक्रेता बिचारा टाय पोटाशी धरून वाकला, तोवर बाई फरशीवर गुडघे टेकून गाडीखाली डोकावल्यासुद्धा. पुढून मागे जाणारा जाडजूड दांडा दोघांनी मिळून बघितला. बाई उठल्या, गुडघे झटकले आणि म्हणाल्या, "हं. आता दाखवा तुमचा लाल."

बाईंचं सगळं आयुष्य बसमध्ये गेलं आणि तेही उभ्यानं. पदवी घेतली, तीन-चार ठिकाणी अर्ज केले, पहिलं उत्तर बस डेपोतून आलं म्हणून कंडक्टर झाल्या. वर्षभर करू आणि सोडू, असं ठरवलं होतं, निवृत्त होईपर्यंत केलं. पदवीधर असून तिकिटं फाडते म्हणून नातेवाईक हळहळले. बाईंना हळहळायला फुरसत नव्हती. चालत्या बसमध्ये कशालाही न धरता उभं राहायला त्या पहिल्याच महिन्यात शिकल्या, आणि दुसऱ्या महिन्यात ड्रायव्हरशी भांडायला.

त्या ड्रायव्हरशीच पुढे लग्न झालं. डेपोत त्याला पायलट म्हणत, कारण त्याच्या बसमध्ये प्रवाशाच्या हातातला चहा हिंदकळत नसे. घंटेच्या बाबतीत हा माणूस म्हणजे कहर होता. एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. बाकी प्रवासी ओरडोत, मागून हॉर्न वाजोत, दोन घंटा पडल्याशिवाय पायलट चाक हलवायचे नाहीत, आणि एक पडली की आहे तिथं उभे. एकदा शिंकताना बाईंचा हात दोरीला लागला, तर पायलटांनी भर पुलावर बस थांबवली होती. "घंटा वाजली, मी थांबलो. का वाजली ते तुमचं तुम्ही बघा," असं वर ऐकवलंही होतं. आणि रोजची तक्रार ठरलेली, "बाई, घंटा उशिरा देता तुम्ही. माणूस चढून, बसून, पेपर वाचून होतो, मग तुमची घंटा." ड्यूटीवर अहो-जाहो आणि घरी अगं, हा त्यांचा नियम. बाई मात्र दोन्हीकडे बाईच.

निवृत्तीनंतर पायलटांचे डोळे गेले. म्हणजे सगळे नाही. मधलं तेवढं गेलं. समोर बघितलं की माणसाचा चेहरा नाहीसा व्हायचा आणि कान शिल्लक राहायचे. कडेकडेचं दिसे, मधलं धूसर. पायलटांनी त्याचीही थट्टा केली, "बरंय, तुझं तोंड दिसत नाही, नुसतं ऐकू येतं." पण पुढे ती थट्टा आटली.

त्याला कारण झाला खाणीचा चढ. लेकीनं आणि जावयानं शहराबाहेर टेकडीवर घर बांधलं. रस्ता जुन्या दगडखाणीचा, अरुंद, अर्धा खडीचा आणि अर्धा चिकणमातीचा. वास्तविक बाई आणि पायलट हौसेनं भाड्याच्या गाडीतून निघाले होते. चढाच्या मध्यावर गाडीची पुढची चाकं जागच्या जागी गरगरली आणि गाडी मागे घसरत गेली ती कडेच्या चरात. पायलट मागच्या सीटवरून सांगत होते, वेग सोडू नको, चाक सरळ धर. गाडीवाला मागे वळून म्हणाला, "आजोबा, गप्प बसा हो जरा." मग चार परक्या माणसांनी पायलटांना काखेत हात घालून गाडीबाहेर काढलं. घरी आल्यावर ते म्हणाले, "आता मी पार्सल झालो, बाई. ड्रायव्हर नाही, प्रवासीसुद्धा नाही." तेव्हापासून खिडकीजवळची खुर्ची धरली ती धरली. जाणाऱ्या बसचा आवाज ऐकून कोणता क्रमांक ते सांगायचे, एवढंच. डॉक्टरकडे जायचं म्हटलं तरी दहा विनवण्या.

बाईंच्या स्वभावात विनवण्या नाहीत. त्यांनी महिला मोटार शाळेत नाव घातलं, परवाना काढला आणि सरळ शोरूम गाठली.

पहिले काही दिवस बाईंनी गाडी एकटीनं चालवली, आणि काय सांगावं! सगळ्यात आधी बसण्याचं सुख. खाली वाकायचं नाही, वर चढायचं नाही. दार उघडलं की सीट बरोबर कमरेला, खुर्चीवर टेकावं तसं टेकायचं. अंगापिंडानं गाडी दांडगी, पण वागायला घरगुती. उंचावरून रस्ता असा दिसे की पुढच्या तीन गाड्यांची छपरं न्याहाळावीत. बाईंनी इतकी वर्षं रस्ता बघितला तो प्रवाशांच्या डोक्यांमधून, तुकड्यातुकड्यानं. आता समोरची अख्खी काच त्यांच्या एकटीची. पहिल्या दिवशी त्या उगाचच डेपोवरून दोनदा गेल्या. हॉर्नही वाजवला. कुणी ओळखलं नाही, पण बाईंचं काही बिघडलं नाही.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद पडलं तेव्हा मात्र त्यांचं धाबं दणाणलं. धोक्याचे दिवे लावले, काच खाली करून मागच्या माणसाला ओरडून सांगितलं, "बंद पडलीय, बाजूनं जा!" तेवढ्यात ब्रेकवरचा पाय हलला आणि गाडी काहीच न झाल्यासारखी चालू. मागच्या माणसानं कपाळाला हात लावला. घरी येऊन बाईंनी गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचलं. इंधन वाचवायला गाडी डुलकी काढते, असं कळलं. "आमच्या डेपोत असे बरेच होते," बाई स्वतःशीच म्हणाल्या.

पाठीमागे घेताना पडद्यावर मागचं सगळं चित्र दिसायचं. जन्मभर बसच्या मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या, बास्स!" करत पत्रा थोपटलेल्या बाईला हे बघून क्षणभर वाईटच वाटलं. आपलं काम यंत्रानं घेतलं म्हणजे काय! तरी त्या तोंडानं "येऊ द्या, येऊ द्या" म्हणतच मागे घ्यायच्या. आणि डिकी! दोन्ही हातांत पिशव्या असल्या की बंपरखाली हवेत लाथ मारायची, डिकी उघडते. शेजारीण गॅलरीतून बघत होती. "काय हो बाई, गाडीला लाथा का मारताय?" "ऐकत नाही लाथेशिवाय," बाई म्हणाल्या, आणि डिकी उघडली तेव्हा शेजारणीचं तोंडही उघडलं.

गाडीला एक वाईट खोड होती. तिला घंटांची भारी हौस. दार उघडं, घंटा. पट्टा नाही, घंटा. बाई घंटा देणाऱ्या जातीच्या, ऐकणाऱ्या नव्हेत. त्यांनी लक्षच दिलं नाही. तिथंच त्या चुकल्या, पण ते पुढे.

"गाडी आली," त्यांनी एका सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीला सांगितलं.

"ठाऊक आहे. रोज चोरासारखी येते. तिला आवाजच नाही."

"चला मग."

"कुठं?"

"वर. लेकीकडे."

खालून एक बस गेली, पायलटांनी तिचा क्रमांकही सांगितला नाही. मग म्हणाले, "एक खेप. एकच. कुठं घसरली, ढकलावी लागली, मला काखेत धरायला कुणा परक्याला बोलवावं लागलं, तर गाडी विकायची. आणि मला पुन्हा कधी 'चला' म्हणायचं नाही. डॉक्टरलासुद्धा इथंच बोलवायचं."

"कबूल," बाई म्हणाल्या. पटदिशी म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभ्या राहिल्या. चालत्या बसमध्ये ज्यांनी कधी कशाला धरलं नाही, त्या. नवरा बोलतो ते करतो, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. आज हा चढ हुकला तर त्या खुर्चीतून तो उठायचा नाही.

दिवस थंडीचे. रस्ते दवानं ओले होते. बाईंनी पाण्याची स्टीलची बाटली घेतली, पायलटांना मफलर गुंडाळला आणि शेजारच्या सीटवर बसवलं. ते नुसते टेकले. गुडघे वाकवावे लागले नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं होतं, पण बोलून दाखवतील तर ते पायलट कसले.

सिग्नलला गाडीनं डुलकी काढली.

"बंद पडली," पायलट समाधानानं म्हणाले. "उतर आणि ढकल."

"झोपलीय. पाय उचलला की उठेल." उठली. पायलटांनी "हं" केलं. त्या "हं"मध्ये थोडी निराशा होती.

शहर मागे पडेपर्यंत पायलट अस्वस्थ झाले. सीटवर कधी डावीकडे सरकत, कधी उजवीकडे. शेवटी बाईंकडे झुकून अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, गाडी बाजूला घे. बहुतेक... गडबड झाली."

"कसली गडबड?"

"अगं, गरम लागतंय खाली. ओलं वाटत नाही अजून, पण..."

बाईंना हसू आवरेना. "अहो, सीट तापते ती! थंडीची सोय आहे. मीच बटण दाबलं निघताना."

"विचारून दाबत जा! माणूस घाबरतो!" पायलट भडकले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "बंद नको करू. गुडघ्यांना बरं वाटतंय."

बाईंचा जीव आनंदानं नुसता उड्या मारत होता. गाडी अशी चालली होती की खड्डा आला हे डोळ्यांना कळे, कमरेला कळत नसे. पायलट बाटलीचं झाकण काढून घोटभर पाणी प्यायले आणि बाटली त्यांनी मुद्दाम तशीच उघडी मांडीवर धरली. बाई कडेच्या नजरेनं बघत होत्या. पाणी हिंदकळत नव्हतं. पायलटही त्याचीच परीक्षा घेत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी झाकण लावलं.

मग खाणीचा चढ आला.

खडीवर चाकं करकरली, पुढे मातीचा पट्टा लागला. डाव्या हाताला तोच चर. बाईंनी वेग सोडला नाही, चाक सरळ धरलं. गाडी चढत होती, मुकाट, एका लयीत. अर्ध्यावर आल्या. ज्या जागी मागच्या वेळी घसरगुंडी सुरू झाली होती, ती जागा दिसली, आणि नेमकी तिथंच गाडी वाजली.

टण. एकदा.

"थांब!" पायलट गरजले. उजवा पाय त्यांनी असा दाबला की तिथं ब्रेक असता तर तळापर्यंत गेला असता. इतक्या वर्षांचा हुकूम तो. बाईंनी विचार न करताच खाडकन ब्रेक मारला. गाडी चिकणमातीत, चढाच्या ऐन मध्यावर उभी राहिली. डुलकीही काढली लबाडीनं. सगळीकडे शुकशुकाट.

"कुणी दिली घंटा?" पायलटांनी विचारलं.

बाईंनी समोर बघितलं. काचेखाली बर्फाचं फूल लुकलुकत होतं. "गाडीनं."

"का?"

"बाहेर गारठा आहे, रस्ता निसरडा असेल, सांभाळा म्हणतेय."

"गारठा आहे हे सांगायला घंटा?" पायलटांचा विश्वास बसेना. "चढावर? गारठा आहे हे तिला काय, तोंडानं सांगता येत नाही?" आणि मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं की आपण गाडी कुठं उभी करायला लावली. चेहरा उतरला. "बाई, मी थांबवली तुला. वाईट जागी थांबवली. आता नाही उचलायची ही. मीसुद्धा नसती उचलली इथून."

बाईंनी डावीकडच्या चराकडे बघितलं. ब्रेक सोडला की पहिल्यांदा मागे जाणार, असं वाटत होतं. गाडी चढावर आपोआप धरून ठेवते हे पुस्तकात वाचलं होतं, पण पुस्तकात हा चर नव्हता. पाय उचलेना. खाली वळणावर एक ट्रॅक्टर उभा होता, दोन माणसं त्याच्याशी खटपट करत होती. हाक मारली तर आली असती. हाक मारली की खेप संपली, गाडी संपली, सगळंच संपलं.

आणि बाईंना राग आला. राग आला की त्यांना नेहमी बरं वाटायचं.

"मला घंटा द्या," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुम्ही कधी दोन घंटा पडल्याशिवाय बस हलवलीत? मग मी का हलवू? कंडक्टरच्या जागी बसलाय ना? करा ड्यूटी."

पायलट सरळ होऊन बसले. मफलर नीट केला. "दारं?"

"बंद आहेत."

"मागे कुणी?"

"आरशात कुणी नाही."

पायलटांनी मान डावीकडे वळवली नाही, सरळ पुढे धरली. समोर बघितलं की त्यांना कडेचं दिसायचं. "डावीकडे चर आहे," ते सावकाश म्हणाले. "मला दिसतोय. चाकापासून हातभर लांब. चराच्या अलीकडे गवत आहे, मातीपेक्षा गवत बरं. तिकडे घ्या थोडी. मी सांगेन तेवढीच." ते अहो-जाहोवर आले होते. ड्यूटी सुरू झाली होती.

मग बोटातली अंगठी त्यांनी स्टीलच्या बाटलीवर आपटली.

टण. टण.

बाईंनी ब्रेक सोडला. गाडी मागे गेली नाही. इंजिन जागं झालं, पुढचं एक चाक मातीत सर्रकन फिरलं, काचेखाली एक दिवा फडफडला, आणि मग मागून कुणीतरी दांडग्या खांद्यानं ढकलावं तसा रेटा आला. मागची चाकं! शोरूममध्ये वाकून बघितलेला तो दांडा, त्याच्यातून गेलेला तो जोर!

"लागली! मागची लागली!" पायलट ओरडले. त्यांना तो रेटा पाठीत कळला होता. "सोडू नका, बाई! डावीकडे अजून... अजून... बास्स! सरळ! येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या!"

गाडी गवतावरून, मातीवरून, खडीवरून अशी वर गेली की जणू कुणी दोरीनं ओढून घेतली. वरच्या सपाटीवर येऊन उभी राहिली तेव्हा बाई हसत होत्या की रडत होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पायलट बाटली छातीशी धरून धापा टाकत होते. चढ जणू तेच पायी चढून आले होते.

लेक ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून दारात आली. आधी तिला लाल गाडी दिसली, मग आई, मग बाबा. टॉवेल तिथंच पडला. "बाबा! कुणी आणलं तुम्हाला वर?"

"ड्रायव्हरनं," पायलट म्हणाले. "आणि कसं आणलं ते विचारू नकोस, त्यांना चढावर थांबायची सवय आहे."

"घंटा कुणी ऐकली होती?" बाई कडाडल्या.

पायलट कुणाच्याही हाताशिवाय उतरले. दाराच्या चौकटीला हात लावून बघितला, भिंतीला लावला, खिडकी कुठं आहे ते विचारून तिच्याशी जाऊन उभे राहिले. "इथून बस ऐकू येत नाही," ते म्हणाले. लेकीला वाटलं तक्रार आहे. बाईंना ठाऊक होतं, तक्रार नव्हती.

जेवणं झाल्यावर लेकीनं आईला बाजूला घेतलं. सकाळचा सौदा तिला तेव्हा कळला. मग राहवलं नाही म्हणून बाबांनाच विचारलं, "मग? गाडी ठेवायची की विकायची?"

"मला काय विचारतेस? मी कंडक्टर. गाडीचं ड्रायव्हरला विचार." आणि पायलट बूट शोधायला लागले. "चला बाई, परतीची खेप आहे. अंधाराच्या आत उतरू."

आता गाडी रोज बाहेर पडते. डॉक्टर, बाजार, लेक, आणि काही काम नसलं तर डेपोवरून दोन चकरा. बाईंची एकच तक्रार आहे आणि ती त्या भेटेल त्याला सांगतात. सिग्नल हिरवा व्हायच्या आत शेजारच्या सीटवरून बाटली वाजते. टण टण.

"अहो, लाल आहे अजून! किती घाई घंटेची!"

"ड्रायव्हर लोक कुरकुरणारच," पायलट मफलर सारखा करत म्हणतात.